दोन किलोचा म्हणून घेतलेला वरवंटा

मी वरवंटा बोलतोय. जातीचा दगड आहे, म्हणून सावकाश बोलतो. मधेच थांबलो तर समजून घ्या. पण एक गोष्ट पहिल्यांदाच सांगून टाकतो. मला काचेच्या पेटीत बसायचं नाही.

पेटी तयार आहे. जाम गावातल्या आमच्या मसाल्याच्या कारखान्यात दारातून आत आलं की डाव्या हाताला ती ठेवली आहे. आत लाल मखमल अंथरली आहे, वर बारका दिवा लावला आहे. प्रफुलनं ती वर्ध्याहून बनवून आणली. प्रफुल म्हणजे या घरचा मुलगा. तो वाईट नाही. माझा धाकटा भाऊ आहे तो, आणि हे मी उगाच म्हणत नाही. कसं ते सांगतो.

केळझरच्या टेकडीखाली प्रेमदास नावाचा पाथरवट बसायचा. त्यानं मला काळ्या दगडातून काढलं. चार दिवस तो माझ्या पोटावरून हात फिरवून बघत होता, कुठं खडबडीत राहिलं का म्हणून. मग गणपतीच्या जत्रेत त्यानं मला गोणपाटावर मांडलं. तिथं आनंदाबाई आपल्या नव्या सुनेला घेऊन आल्या.

"दोन किलोचा हाये माय," प्रेमदास म्हणाला. "उचलून पाहा. कमी भरला त वापस आणजो."

"दगड वापस कराले कोण येते बाप्पा एवढ्या दूर?" आनंदाबाई म्हणाल्या.

सुनेनं मला उचललं. एक हात खाली, एक हात डोक्याशी, तान्ह्या पोराला धरतात तसं. "हाच राहू द्या," एवढंच ती बोलली. तिचं नाव अनुसया. त्या दिवसापासून घरात माझं नाव पडलं, 'दोन किलोचा वरवंटा'. मला कोणी जोखलं नाही. प्रेमदासचा शब्द होता, पुरे झालं.

वर्षभरात प्रफुल जन्मला. बारशाला पाळण्यात आधी वरवंटा घालतात, मग बाळ. मला टोपडं घातलं, काजळाचा ठिपका लावला, पाळण्यातल्या वरवंट्याला म्हणतात तसं 'गोप्या' म्हणत बायांनी पाळण्याच्या वरून-खालून फिरवलं. मग मला काढून त्याच उबेत प्रफुलला ठेवलं. म्हणून म्हणतो, तो माझा धाकटा.

अनुसयाचा नवरा लक्ष्मणराव. जामच्या चौकात, जिथून नागपूर-हैदराबाद रस्त्याला चंद्रपूरचा फाटा फुटतो, तिथं त्याची चहाची टपरी होती. त्या चौकात चहाच्या टपऱ्या सहा, आणि सहाही टपऱ्यांचा चहा सारखाच. लक्ष्मणराव दिवसभर स्टोव्हशी बोलायचा, कारण बोलायला गिऱ्हाईक नसायचं.

मग १९९२च्या उन्हाळ्यात, भर दुपारी, एक एसटी आमच्या टपरीसमोर बंद पडली. आतली माणसं सावली शोधत उतरली. भूक लागलेली. लक्ष्मणराव घरी धावत आला. "अनुसया, काही बी कर, पण तिखट कर!"

तिनं बेसन घोटून पाटवड्या थापल्या. खसखस, सुकं खोबरं, भाजलेला कांदा मी वाटून दिला. त्यात तिचा घरचा मसाला पडला. रस्सा टपरीवर गेला आणि पातेलं रिकामं होऊन परत आलं. एसटीचा ड्रायव्हर तर बस दुरुस्त झाल्यावरही उठेना. कंडक्टर ओरडला, "अबे चाल ना, का इथंच सासुरवाडी केली?"

दुसऱ्या दिवशी ट्रकवाले विचारत आले. महिन्याभरात चहा मागं पडला आणि पाटवडी पुढं आली. मग एका ड्रायव्हरनं बायकोसाठी मसाला मागितला. अनुसयानं पळसाच्या पानात बांधून दिला.

सासूबाईंना ते रुचलं नाही. "मसाला का विकाची चीज हाये? शेजारीण मागन त मूठभर द्यावा. बाजार नाई मांडावा."

"चहा विकता येते, वडी विकता येते, त मसाला काऊन नाई?" अनुसया म्हणाली. आवाज चढला नाही. पण मला पाट्यावर तिनं असं दाबलं की खोबरं माझ्याआधी शरण आलं.

आता या मसाल्याचं माप सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मिरची बाजारातून किलोच्या पुड्यात बांधून यायची. धने मात्र तिच्या भावाच्या वावरातून पोत्यानं यायचे, ते घरी जोखावे लागत. एक किलो मिरचीला दोन किलो धने. घरात तराजू होता, पण दोन किलोचं वजन नव्हतं. मग ती मलाच पारड्यात ठेवायची. एक पुडा मिरची, एक वरवंटा धने. बाकीचे जिन्नस मुठीनं. झालं माप.

आणि मी रोज वाटायचो. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. पोट गुळगुळीत झालं की टाकी लावणारी बाई यायची आणि मला नि पाट्याला टाचून पुन्हा खरखरीत करून जायची. तिच्या छिन्नीखाली माझी भुकटी उडायची. अनुसया ती फडक्यानं पुसायची. कोणी विचार केला नाही, मीही केला नाही.

२००४ साली बचत गटातून दळायची मशीन आली. टपरीमागं पत्र्याचं शेड पडलं, गटातल्या सहा बाया कामाला आल्या. अनुसयाची अनुसयाबाई झाली. पहिलं पाकीट भरलं तेव्हा तिनं काय करावं? सुपात धान अंथरलं, आधी मला ठेवलं, मग मला काढून पाकीट ठेवलं. "पहिले गोप्या, मंग लेकरू," ती म्हणाली. बाया हसून लोटपोट. लक्ष्मणराव म्हणाला, "आत्याबाई कोण? कानात नाव कोण सांगन?" शेवटी म्हाताऱ्या आनंदाबाईंनीच पाकिटाजवळ वाकून नाव घेतलं, 'अनुसया मसाला'. ज्यांनी आधी नाक मुरडलं, त्यांनीच नाव ठेवलं. मला ते फार आवडलं.

मशीन आली तरी माप माझंच राहिलं. दहा पुडे मिरची असली की मला दहा वेळा पारड्यात चढावं लागायचं. प्रफुल तोवर डिप्लोमा करून आला होता. तो डोक्याला हात लावायचा. "आई, दगडानं का कोणी धंदा करते? लोक हसून राह्यले."

"हसू दे. हसता हसता घेऊन बी राह्यले ना?"

मग भैय्याजी आले. नागपूरचे मोठे व्यापारी, गोड बोलणारे. आधी ते पाकिटं नेऊ लागले. मग एक दिवस खुर्ची ओढून बसले. "बाई, आपका मसाला अपनी मशीनपर बनेगा. नाव आणि रेसिपी आमाले द्या. तुमी आता आराम करा. बहुत घासलं तुमी."

प्रफुलचे डोळे चमकले. अनुसयाबाई म्हणाली, "पाहू." तिच्या 'पाहू'चा अर्थ फक्त तिला नि मला ठाऊक होता.

भैय्याजींना आधी नमुना हवा होता, लिहून दिलेल्या मापानं केलेला. प्रफुलनं आईला विचारून कागदावर सगळं लिहिलं. मुठीसुद्धा त्यानं जोखून घेतल्या. "धने?" "एक वरवंटा." त्यानं लिहिलं, दोन किलो. का नाही लिहिणार? मी तर घरात जन्मभर दोन किलोचाच होतो. त्यानं दोन पोती मसाला स्वतः करून पाठवला.

आठ दिवसांत पोती परत आली, मागोमाग भैय्याजी. "ये तो फीका है. बाईनं काहीतरी दाबून ठेवलं. आमच्याशी चालाखी?"

ते एक वेळ चाललं असतं. पण प्रफुल आईकडे वळला. "आई, तुनं मलेबी नाई सांगतलं? सख्ख्या पोरापासून लपवलं?"

शेडमधल्या बाया हात थांबवून उभ्या राहिल्या. अनुसयाबाईच्या चेहऱ्यावर मी तसं दुःख आधी पाहिलं नव्हतं. ती भांडली नाही. तिनं पोत्यातला चिमूटभर मसाला जिभेवर ठेवला, डोळे मिटले. मग म्हणाली, "धने जास्त झाले."

"तू सांगतलं तेवढेच टाकले. एक वरवंटा."

ती गेली, मला उचलून घेऊन आली आणि भैय्याजींसमोरच्या नव्या इलेक्ट्रिक काट्यावर ठेवलं. लाल आकडे थरथरले आणि थांबले. एक किलो, पाचशे ग्रॅम.

प्रफुल काट्याकडे बघतच राहिला. "आई, हा त दीडचा हाये! अर्धा किलो गेला कुठी?"

"जामच्या ड्रायव्हरायच्या पोटात," लक्ष्मणराव कोपऱ्यातून म्हणाला. "अन् अर्धी एसटी महामंडळाच्या."

बाया हसल्या. प्रफुल हसला नाही. तो खाली बसला आणि त्यानं माझ्या पोटावर हात ठेवला, जिथं खळगा पडला आहे. मी कणाकणानं झिजत गेलो, धने कणाकणानं कमी होत गेले, मसाला वर्षावर्षाला तिखट होत गेला, आणि खाणाऱ्यांची जीभ त्याच्याबरोबर चालत राहिली. कोणी फसवलं नव्हतं. "चुकलो आई," तो म्हणाला. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तिखटाचा हात होता, केस लाल झाले.

भैय्याजी मात्र खूश झाले. "तो फिर झगडा ही नहीं! दीड किलो लिहा. इथं सही करा."

अनुसयाबाईनं पेन परत दिला.

"तुमी आज दीड लिहान भैय्याजी. उद्या मिरची जहाल निघाली त? धने जुने निघाले त? कागद झिजत नाई, म्हून कागदाले चव समजत नाई. ते मलेच पाहा लागते."

"ठीक. नाव तरी द्या."

"नावाचं बारसं केलं हाये आमी. बारसं केलेलं लेकरू विकाचं नसते."

"पछताओगी, बाई."

"मंग पस्तावून पाहू. तेबी आमीच पाहू."

भैय्याजी गेले आणि आमची बरीचशी विक्रीही त्यांच्याबरोबर गेली. पुढं त्यांनी स्वतःचा मसाला काढला. पाकिटावर पाटा-वरवंट्याचं चित्र छापलं. चित्रातला वरवंटा माझ्याहून देखणा होता, हे मान्य करतो. वाटत काही नव्हता.

अनुसयाबाई थांबली नाही. पाकिटं पिशवीत भरून ती नि गटातल्या बाया गावोगाव गेल्या. हिंगणघाट, पुलगाव, नाचणगावचा बाजार. बाजारात चूल मांडून रस्सा करायच्या आणि लोकांना वाटी हातात द्यायच्या. "पहिले चाखा, मंग बोला." प्रफुल मोटरसायकलवर पातेलं बांधून मागं. पातेलं सांडून त्याच्या पँटीचा रंग बदलला, पण तो पुन्हा कधी म्हणाला नाही की लोक हसतात. दोन वर्षांत सहाच्या चौदा बाया झाल्या. आता दर खेपेला धने टाकण्याआधी अनुसयाबाई चाखते, मग ठरवते. प्रफुलही चाखायला शिकला आहे. अजून डोळ्यांत पाणी येतं त्याच्या.

२००८ साली वर्ध्याला उद्योजकांचा मेळावा झाला. धंदा कसा उभा केला ते प्रत्येकानं सांगायचं होतं. प्रफुलनं आईला भाषण लिहून दिलं, 'माझ्या मनात एक स्वप्न होतं'. तिनं कागद दूर धरला, जवळ धरला, मग घडी करून ठेवला. "स्वप्न-बिप्न काही नव्हतं जी," ती माईकात म्हणाली. "एसटी बंद पडली होती."

सभागृह हसलं. मग तिनं पिशवीतून मला काढून टेबलावर ठेवलं. "हा माया थोरला. दोन किलोचा म्हून घेतला होता, आता दीडचा हाये. मी बी तेवढीच झिजली असन. पण आमी कोणाले सही करून देल्ली नाई." एवढं बोलून ती खाली बसली.

टाळ्या वाजल्या. आणि तिथूनच माझं संकट सुरू झालं. बाया येऊन हळदकुंकू लावू लागल्या. कोणी हार घातला. एक पाहुणे म्हणाले, हा तर काचेत ठेवण्यासारखा आहे. प्रफुलनं ते मनावर घेतलं.

लोकांची ही सवय मला कळत नाही. दगड काम करतो तोवर त्याला पायाशी ठेवतात. थोर ठरला की शेंदूर फासून कामातून काढतात. माणसांचंही असंच करतात, मी पाहिलं आहे. 'आराम करा' म्हणतात आणि हातातलं काढून घेतात.

आज प्रफुलच्या लेकीचं बारसं झालं. तिचं नाव आचल ठेवलं. तिच्याआधी पाळण्यात मी. तेच टोपडं, पण आता मला ढिलं होतं, कानावरून घसरत होतं. मला काढल्यावर प्रफुलनं काचेच्या पेटीचं दार उघडलं. मुहूर्तही आजचाच धरला होता त्यानं.

"आई, दे इकडं त्याले."

अनुसयाबाईनं माझं टोपडं काढलं. पदरानं माझं कुंकू पुसलं, काजळाचा ठिपका पुसला. एक हात खाली, एक हात डोक्याशी. पेटीसमोरून ती तशीच पुढं गेली.

"त्यात तुया डिप्लोमा ठेव बाप्पा. पाहुणे जेवाचे हायेत अजून."

तर वाचकहो, माझी विनंती मोठी नाही. मला पुजू नका. मला जपू नका. मी अजून दीड किलो उरलो आहे, आणि तो दीड किलो मला खर्च करायचा आहे.

तिनं मला पाट्यावर ठेवलं. खसखस भिजलेली होती.