मास्तरांचं विमान आणि दोन रिमोट

मी एक जुनं विमान आहे. मित्रांनो, लगेच आभाळाकडे बघू नका. मी एका बंद पडलेल्या शिंप्याच्या दुकानात, छताच्या हुकाला टांगलेलो आहे. माझ्यात कुणी बसत नाही. जमिनीवर उभं राहून रिमोटने उडवतात, त्या जातीचा मी. पण मला खेळणं म्हणाल तर ऐका, पंख जोडले की दुकानाचं शटर मला अपुरं पडतं. नाकात मोटर, तिच्यामागे विटेएवढी बॅटरी आणि बाकी सगळा पोकळ. आधीच सांगून ठेवतो, मला फारसं काही वाटत नाही. काचेच्या कापडाचा आणि रेझिनचा देह, त्याला काय वाटणार? जे झालं तेवढं सांगतो.

मला घडवलं एका बापलेकीने. बाप शिंपी, सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. तरुणपणी सुट्टीच्या दिवशी ते हलक्या लाकडाची छोटी विमानं उडवायचे. मग एक मोठं आजारपण आलं, आणि जाताना त्यांच्या बोटांच्या टोकांची जाणीव घेऊन गेलं. एकदा सुई बोटात घुसली तरी त्यांना कळलं नाही. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर लाल ठिपके उमटले तेव्हा कळलं. मास्तरांनी सदरा धुतला, इस्त्री करून दिला आणि शटर खाली ओढलं. त्यानंतर ते खुर्चीत बसून राहायचे. रागवायचे नाहीत, रडायचे नाहीत. चहा समोर ठेवला तर प्यायचे, नाही ठेवला तर मागायचे नाहीत.

लेक होड्यांच्या कारखान्यात कामाला होती. काचेच्या धाग्यांचं कापड रेझिनमध्ये, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवून होडीचं कवच करणं हे तिचं रोजचं काम. एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, मोठं विमान करू या. मोठं विमान सावकाश उडतं, लांबूनही दिसतं."

"आणि उडवणार कोण?"

"तुम्ही."

"बोटं बघितलीस ना माझी?"

"बघितली. कात्री धरता येते ना? मग कापड कापायला बसा."

आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "करा बाई, करा. फक्त दारातून बाहेर निघेल असं करा. कपाट आणलं तेव्हाही ह्यांनी माप घेतलं होतं."

म्हणून माझे पंख सुटे आहेत.

आधी फोम घासून माझा आकार झाला, मग त्या आकारावरून साचा. साच्याला आतून मेण चोळायचं, म्हणजे वस्तू चिकटून बसत नाही. त्या मेणावर रेझिनमध्ये भिजवलेलं कापड. मास्तर कापड उरेब कापायचे, म्हणजे धागे तिरके जातात आणि पंख पिळवटत नाही. कात्रीला बोटांची टोकं लागत नाहीत, मूठ पुरते. एकच घोटाळा झाला. जन्मभराच्या सवयीने त्यांनी प्रत्येक तुकड्याला शिलाईसाठी माया, म्हणजे कडेला जास्तीचं कापड, सोडलं. लेकही घाईत, तिने सगळं तसंच साच्यात बसवलं, वर प्लास्टिक ताणून पंपाने हवा ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी मी साच्यातून निघालो तो कडेकडेने दुप्पट जाड, आणि मागून इतका जड की नाक वर करूनच बसलो.

"बाबा, ही शेपूट आहे की लोडाची गवसणी?"

"मग? उद्या उसवली तर परत टाचायला कापड नको?"

आणि मास्तर हसले. त्या घरात हसल्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. माझा तोल साधायला बॅटरी पार नाकाशी सरकवावी लागली.

मग मैदान. सकाळची वेळ, वारा पडलेला. आई सतरंजी टाकून बसली होती, बाजूला चारदोन हौशी लोक. लेकीने दोन रिमोट आणले होते, एक शिकवणाऱ्याचा, एक शिकणाऱ्याचा. तिच्या रिमोटवर एक बटण होतं. ती ते दाबून धरेल तोवर मी मास्तरांचं ऐकणार. सोडलं की तिचं.

"पडायला लागलं तरच सोडेन," ती म्हणाली. "शब्द देते."

जमिनीवरून मला तिनेच आपल्या रिमोटने वर चढवलं. वर गेल्यावर बटण दाबलं. मास्तरांचा हात मला लगेच कळला, जरा थरथरता, जरा जास्त जोराचा. पहिलं वळण वेडंवाकडं झालं. मी पडत नव्हतो. पण लेकीचा जीव घाबरा झाला आणि तिने बटण सोडलं.

त्यानंतर मी फार सुंदर उडालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई म्हणाली, "अहो, हात बसला की तुमचा." मास्तर मान वर करून हसत होते, अंगठे हलवत होते. त्यांच्या अंगठ्यांचा माझ्याशी काही संबंध नव्हता. हे मला माहीत होतं आणि लेकीला. मला वाईट वाटलं असं सांगितलं तर ती थाप होईल. मी सरळ उडत राहिलो.

मास्तरांना वाटलं, आईला पंख हलवून दाखवावेत. त्यांनी रिमोटची दांडी अंगठ्याने ढकलली. मी हललो नाही. परत ढकलली. तरी नाही. बोटांना कळेना दांडी कुठे आहे, म्हणून त्यांनी खाली बघितलं. दांडी पार कडेला टेकलेली होती. त्यांनी वर बघितलं. मी नाकासमोर चाललो होतो.

"बटण कधी सोडलंस?" त्यांनी हळूच विचारलं.

"पहिल्या वळणाला."

"मग मी इतका वेळ काय करत होतो?"

तिने नजर माझ्यावरच ठेवली.

"काय झालं हो?" आईने विचारलं.

"काही नाही." मग लेकीला, "बॅटरी किती उरली?"

"एक फेरी आणि उतरणं. बाबा, उतरणं अवघड असतं."

"ठाऊक आहे. दे."

तिने बटण दाबलं आणि या वेळी दाबून धरलं. तिचा अंगठा पांढरा पडला होता. मास्तर आता अंगठ्यांकडे बघत नव्हते, फक्त माझ्याकडे बघत होते. मी डावीकडे कललो की उजवीकडे ढकलायचे, जरा उशिरा, जरा जास्त. मी झोकांड्या खात खाली आलो, एका चाकावर टेकलो, चाक मोडलं, पंख जमिनीला घासला, नाक गवतात गेलं. पंखाला लांब चीर पडली.

टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. मास्तर चालत आले, गुडघ्यावर बसले आणि चिरेवरून बोट फिरवलं. बोटाला काही कळलं नाही.

"किती खोल आहे गं?"

"वरचाच थर आहे. भरून निघेल."

"हे मी केलं," मास्तर म्हणाले. दोनदा म्हणाले.

पुढे मी बरीच वर्षं उडालो, बऱ्याचदा आपटलोही. आता मास्तरांची नजर माझ्यापर्यंत पोचत नाही, म्हणून मी इथे टांगलेला. जोडांवर धूळ आहे, मोटर अडकली आहे. कुणी पुसलं तर बरं, नाही पुसलं तरी तक्रार नाही.

पण मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाचे हात कापत असतील, कुणाला दिसत नसेल. त्यांच्या हातातलं काम घ्यावं लागलं तर घ्या, पण त्यांना सांगून घ्या. आणि त्यांनी परत मागितलं तर द्या.