एक्केचाळिसाव्या वर्षीचा चषक

"अवो, जमंना तर सोडून द्या," कठड्यावरून वाकून मंगल नवऱ्याला म्हणाली. "पायाचं वाटोळं करून घिऊ नका."

"आज न्हाय सोडत," रविराज म्हणाला आणि पोटरीवरची बर्फाची पिशवी त्याने बाजूला टाकली.

बेळगावातल्या आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धेची अंतिम लढत होती. पहिला सेट रविराजचा, दुसरा पुण्याच्या मंथनचा. मंथनला नुकतीच मिसरूड फुटलेली, तर रविराजला एक्केचाळिसावं लागलेलं. निम्मं आयुष्य त्याने या खेळात काढलं होतं. ताश्कंद, कैरो, कुठे कुठे स्वस्त हॉटेलांत स्वतःचे कपडे धूत राहिला, पण एकही विजेतेपद हाती लागलं नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तर सगळ्यांनी तो संपला असंच धरलं होतं. हुबळीच्या एका शाळेत प्रशिक्षकाची नोकरी ठरली होती. ही शेवटची स्पर्धा, असं त्यानेच जाहीर केलं होतं.

मंगलशेजारी रविराजचा थोरला भाऊ परशराम बसला होता. वडील गेल्यावर त्याने शाळा सोडली आणि शहापुरातले माग सांभाळले, म्हणून धाकट्याच्या हातात रॅकेट राहिली. मागांच्या खडखडाटात परशरामचे कान गेले. भावाचा एकही सामना त्याने पाहिला नव्हता. साडी अर्धी टाकून निघणं त्याला जमतच नसे. आज तो माग बंद ठेवून आला होता.

तिसऱ्या सेटमध्ये मंथनने या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळवून रविराजला दमवलं. तो मागे पडला. पाय आता साथ देणार नाहीत हे कळलं, तसा त्याने मागच्या रेषेवरचा खेळच सोडला. सर्व्हिस केली की थेट नेटपाशी. टप्पा पडण्याआधीच चेंडू पलीकडे. असल्या खेळाची मंथनला सवय नव्हती. तो घाई करू लागला, चुकू लागला. बरोबरी झाली. टायब्रेक सुरू झाला आणि गॅलरी उभी राहिली.

मॅच पॉइंटला मंथनचा फटका सणसणत आला. रविराजने रॅकेट नुसती आडवी धरली. चेंडू अलगद पलीकडे पडला आणि मंथन पोचेपर्यंत दुसरा टप्पा पडलासुद्धा.

मंथनने नेटवरूनच त्याला मिठी मारली. "सर, तुमच्या वयात मी असा खेळलो ना, तरी खूप झालं."

स्पर्धेचा आजवरचा सर्वांत वयस्कर विजेता, अशी घोषणा झाली. निवेदकाने माईक पुढे केला. "निरोपाचे दोन शब्द?"

"निरोप कसला? पुढच्या महिन्यात परत खेळतोय. शाळेला आजच कळवतो."

गॅलरीत एकच गलका उठला. मंगलने कपाळावर हात मारला आणि मग तीही हसायला लागली.

रविराज चषक घेऊन, लंगडत, पायऱ्या चढून वर आला. भावाच्या कानाला तोंड लावून ओरडला, "अण्णा, जिंकलो!"

"वरडतोस कशाला?" परशराम म्हणाला. "बघिटलं की. डोळं हाईत मला."

त्याने सरकून जागा करून दिली. रविराज टेकला. चषक परशरामने मंगलच्या हातात दिला, धाकट्याचा सुजलेला पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि अंगठ्याने पोटरी चोळायला लागला. खाली मैदानावर माणसं नेट सोडत होती.