पाणी न मागणारी झाडं

रविवारच्या बसने नेवेना लेकीला घेऊन नवऱ्याकडे जर्मनीला जायची होती, आणि शुक्रवार उजाडला तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. सामान बांधून झालं होतं. अडलं होतं ते परसापाशी. आई होती तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नसायची, इतकी फुलं. आता नुसतं तण आणि कोंबड्यांनी उकरलेली माती. गेल्या उन्हाळ्यात बाबा, म्हणजे दांचो, पाण्याची बादली घेऊन तिथेच पडले आणि खुबा मोडून बसले. म्हणून नेवेनाने ठरवूनच टाकलं होतं, की एकदा लावलं की वर्षानुवर्षं आपलं आपण जगणारं, उन्हात तरारणारं, पाण्यासाठी कुणाच्या तोंडाकडे न बघणारं असं काहीतरी लावायचं आणि मगच गाव सोडायचं.

सकाळीच ती जवळच्या हास्कोवो शहराच्या बाजारात गेली आणि रोपवालीचं डोकं खाऊन आली. गुलाब नको, फवारणी लागते. डेलिया नको, थंडीत कंद काढून ठेवावे लागतात. शेवटी लॅव्हेंडर, आयरिसचे कंद आणि जाड पानांचा सेडम घेतला. घरी आल्याआल्या कुदळ हातात. ओळ आखली, मोडली, पुन्हा आखली. भिंतीशी लावलेलं लॅव्हेंडर, तिथे दुपारनंतर सावली येते म्हणून परत उपटलं.

"अगं, जरा बूड टेक," दांचो ओसरीवरून म्हणाले. "झाडं कुठं पळून चालली नाहीत. पळणारी माणसं वेगळी."

टोमणा बरोबर बसला. नेवेना कुदळ आणखी जोरात हाणू लागली.

तेवढ्यात कुंपणावरून शेजारच्या पेनकाने डोकं काढलं. "छान गं. आमच्या ह्यांच्या थडग्यावर हेच सगळं लावलंय. ईस्टरला एकदा जाते, पण बघावं तेव्हा हिरवंगार."

तिने कौतुकच केलं होतं. पण नेवेनाने कुदळ खाली टाकली. चर्चमागे, जिथे कुणी फिरकत नाही त्या थडग्यांवर, खरंच हीच झाडं होती.

"बाबा, माझ्या मनात तसं नव्हतं हो."

"ठाऊक आहे मला." दांचो काठी टेकत खाली आले. "चांगली आहेत. पण मला होर्टेन्सिया आणून दे, ते गोंडेदार फुलांचं झुडूप. मोठ्या पानांचं, भर उन्हात लाव."

"त्याला रोज पाणी लागतं. परत पडलात तर?" नेवेना चिडली. "तिकडे काळजीने मरेन मी."

"पडायचं तर न्हाणीतही पडेन, पोरी. तू पहिला महिना रोज फोन करशील, मग कामात अडकशील. त्यात तुझा दोष नाही. पण ही झाडं, मी आत मरून पडलो तरी महिनाभर अशीच टवटवीत राहतील. होर्टेन्सियाला एक दिवस पाणी चुकलं, की दुपारपर्यंत मान टाकतं. आणि दुसऱ्याच्या परसात डोकावल्याशिवाय पेनकाच्या गळ्याखाली घास उतरत नाही."

"आणि हिवाळ्यात?"

"धुराड्यातून धूर निघाला नाही, की येईलच ती."

पेनका एरवी अशा बोलण्यावर तोंड सोडायची. आज तिने नुसती मान डोलावली.

नेवेनाला रडू आवरेना. बाहीनेच डोळे पुसत ती कुंपणापाशी गेली. "पेनका मावशी, तुमच्या स्वयंपाकघरातून ह्या परसाचं कुठलं टोक दिसतं?"

पेनकाने हात लांब करून जागा दाखवली.