पहिला चमचा

आमच्या दुकानाचं शटर सासऱ्यांच्या शब्दावर उघडतं. सकाळी मोठ्या पातेल्यातलं सूप तयार झालं की ते एक चमचा तोंडात घेतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "उघडा." त्याआधी दारात रांग लागलेली असो नाहीतर आग, शटर वर जात नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला हे नाटक वाटायचं. पुढे कळलं, या माणसाचा सगळा मान त्या एका शब्दात आहे.

म्हणून नवरा फ्रँचायझीचे कागद घेऊन आला तेव्हा माझं डोकंच फिरलं. पाटी कंपनीची, रंग कंपनीचा, आणि सूप बंद पाकिटातलं. पाकीट फोडायचं, यंत्रात ओतायचं, घंटी वाजली की वाढायचं.

"आणि बाबांनी काय करायचं? घंटी ऐकत बसायचं?" मी विचारलं.

"हो," तो म्हणाला. "तिथे चव बघावी लागत नाही."

बापाच्या हाताची चव विकायला निघालाय, असं वाटून मी तोंडाला येईल ते बोलले. तो कागदांची घडी नीट करत बसला, त्याचा तर मला आणखीच संताप आला.

खरं दुखणं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. थंडीतल्या तापानंतर बाबांच्या जिभेची चव गेली होती. एकदा करपून कोळसा झालेला पाव त्यांनी चहात बुडवून निवांत खाल्ला, तेव्हा माझ्या ते लक्षात आलं. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तेव्हापासून सुपात मीठ कमी पडू लागलं. जास्त होईल या भीतीने त्यांचा हात आखडायचा. मग "उघडा" म्हणून ते ॲप्रन बदलायला आत गेले की मी गुपचूप मीठ टाकायची. गिऱ्हाईक खूश, बाबाही खूश.

कंपनीचा माणूस येणार होता त्या सकाळी नवरा बाजारात गेला नाही, दुकानातच घुटमळत राहिला. बाबांनी चमचा घेतला, "उघडा" म्हणाले आणि आत गेले. मी मीठ टाकलं, ढवळलं आणि शटर वर करायला धावले.

पहिला बाऊल शेजारच्या शिंप्याचा. त्याने एक घोट घेतला आणि मुकाट्याने पाण्याचा ग्लास ओढला. समोरचा न्हावी मात्र फटकळ. "काय हो, आज समुद्र उकळलात की काय?"

बाबा नेमके तेव्हाच बाहेर आले, आणि दारात बॅग घेऊन कंपनीचा माणूस. बाबांनी चमचा उचलला, न्हाव्याच्याच बाऊलमध्ये बुडवला आणि तोंडात घातला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी पुन्हा घेतला. चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटलं नाही.

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या ओल्या बोटांना मीठ चिकटलं होतं. माझ्याही.

"तू पण?" तो म्हणाला.

बाबांनी ते ऐकलं. जवळचं स्टूल ओढून हळूच बसले. "कधीपासून?"

"तापापासून," मी म्हटलं.

"मला त्या पावाच्या दिवशीच कळलं, बाबा," नवरा म्हणाला. "म्हणून तर कागद आणले. तिथे तुम्हाला कुणी पकडणार नाही."

मला त्या क्षणी स्वतःच्या तोंडाची लाज वाटली.

बाबा कंपनीच्या माणसाला म्हणाले, "तुमची सोय चांगली आहे, साहेब. पण या वयात मला लपून बसायचं नाही." मग गिऱ्हाइकांना हात जोडले, शटर खाली घ्यायला लावलं, आणि अख्खं पातेलं स्वतः मोरीत ओतलं.

पुन्हा भाज्या चिरल्या, पुन्हा उकळी आली. मीठ टाकून त्यांनी चमचा भरला आणि माझ्यापुढे धरला.

"बाबा, हा चमचा तुमचा आहे."

"होता. घे. आणि खरं सांग, लाडीगोडी नको."

मी घोट घेतला. इतके दिवस जे पाठीमागे केलं ते आज तोंडावर बोलले. "मीठ कमी आहे."

त्यांनी टाकलं. "आता?"

"अजून चिमूटभर."

"आता सांग, कसं लागतंय?"

"गाजर गोड आहे. कांदा अगदी विरघळलाय. मिरी लगेच कळत नाही, घोट गिळल्यावर घशाशी येते."

त्यांनी डोळे मिटले होते, रोज पहिल्या चमच्याला मिटायचे तसेच. "अजून सांग."

"तुमचंच लागतंय, बाबा," मी म्हटलं आणि मला रडू आलं.

"मग म्हण की."

"उघडा," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की नवऱ्याला ऐकूच गेला नाही. बाबांनी ॲप्रनला हात पुसले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः जाऊन शटर वर केलं.