नावाखालची लाल रेघ

आयुष्यभर जे टाळत आलो, ते मोठ्याने बोलणे मतदान केंद्रात नेमके माझ्याच वाट्याला आले. मतदाराचा क्रमांक, नाव आणि वय खणखणीत वाचायचे, म्हणजे समोर बसलेल्या दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींना हरकत घेता येते. मग यादीतल्या नावाखाली लाल रेघ. रेघ पडली की त्या माणसाचे मत झाले.

केंद्राध्यक्ष होत्या चौथीत मला शिकवणाऱ्या बाई.

"तेव्हाही तुझी कविता पहिल्या बाकापुढे जात नसे," त्या म्हणाल्या.

"साहेब मुंगीच्या कानात सांगतायत," एक प्रतिनिधी म्हणाला.

"मुंगीसुद्धा 'काय?' म्हणाली," दुसऱ्याने भर घातली. सकाळपासून त्या दोघांचे एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झाले होते.

मी अधिकच मिटलो. पुढच्या तीन बायकांची वये वाचलीच नाहीत. खिडकीतल्या उन्हात धूळ तरंगत होती. माझा आवाजही तिच्यातच कुठेतरी विरत असावा.

मग एक दांडगा तरुण आला. त्याच्या चिठ्ठीवरचा क्रमांक यादीत सापडला, ओळखपत्रावरचे नावही जुळले. मी ते पुटपुटलो. हरकत आली नाही. ऐकू गेले होते कुणाला? पेन टेकवणार, तोच रकान्यातले वय दिसले. रेघ ओढली तर कुणा म्हाताऱ्याला "तुमचं मत झालंय" असे ऐकून परतावे लागणार. बोललो तर वये गाळल्याची माझी चोरी उघडी पडणार.

"वय एक्क्याऐंशी!"

आवाज भिंतीवर आपटून परत आला. माझाच होता.

"तब्येत राखलीय हं आजोबांनी!" पहिला प्रतिनिधी म्हणाला.

तरुण ओशाळला. "आजोबांचंच नाव ठेवलंय मला. घरी चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली वाटतं."

बाईंनी त्याचा खरा क्रमांक शोधून दिला आणि माझ्याकडे वळल्या. "वय आत्ताच का आठवलं?"

"मघाच्या तिघींचं वाचलंच नाही, बाई."

"तिघी आमच्याच गल्लीतल्या, हरकत नाही," दोन्ही प्रतिनिधी एकदम म्हणाले. एकमत दुसऱ्यांदा झाले.

दुपारी आजोबा काठी टेकत आले. मी छाती भरून क्रमांक, नाव, वय गर्जलो. त्यांनी कानांवर हात ठेवले.

"हळू रे बाळा! मत गुप्त असतं ना?"

"मत गुप्त, आजोबा. नाव नव्हे," बाई म्हणाल्या.

हरकत आली नाही. मी रेघ ओढली.