बाबल्याचं अंजीर

वादळात बोर्डीच्या वाडीतलं अंजिराचं झाड आडवं झालं, हे कानावर आलं तशी सुषमा कैनाडहून एसटी पकडून तिथे गेली. तिचा बा, बाबल्या, त्या वाडीचा राखणदार होता. त्याच्या खोलीमागच्या या झाडाखालीच सुषमा आणि तिची धाकटी बहीण भारती लहानाच्या मोठ्या झाल्या. बा जाऊन बरीच वर्षं लोटली होती. सुषमाने पडलेल्या झाडाची एक अंगठ्याएवढी फांदी तोडली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि घरामागे न्हाणीच्या पाण्यावर लावली.

फांदी जगली. तिला पहिली फळं धरली आणि सुषमाने तलासरीला फोन लावला. "भारते, ये गं. बाचं अंजीर पिकलंय."

भारती आली ती हसतच. दोघी झाडाशी उभ्या राहिल्या. लहानपणी बा मान टाकलेलं फळ तेवढंच काढायचा. ते उकललं की आतून लालभडक, मधासारखं चिकट. चिकाने ओठ चुरचुरायचे, तरी दोघी दुसऱ्यासाठी भांडायच्या. सुषमाने तसंच मऊ फळ बघून तोडलं, अर्धं बहिणीला दिलं.

भारतीने चावलं, थांबली, आणि कसंबसं गिळलं.

"बाय, हे पाणीच आहे गं."

सुषमाने खाल्लं. खरंच, चव म्हणून नव्हती. "फांदी त्याच झाडाची. माझ्या हाताने तोडली," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं तशी ती पाठमोरी झाली.

पडवीत त्यांची आई, काळी, उडीद निवडत बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "तुमच्या बाने लावलं तेव्हाही असंच होतं. मी शेळीला घालायची."

"बाने लावलं?" सुषमा वळली. "ते तर वाडीचं जुनं झाड ना?"

"जुनं कुठलं! आमचं लग्न झालं त्या वर्षी लावलं. तोड ते, तिथं मिरच्या लावू, म्हणून मी रोज भांडायची. तो नुसता हसायचा. तुम्ही खायला लागलात तोवर झाडाला अक्कल आली होती." काळीने सूप झटकलं. "आणि फळं धरली की तो पाणी तोडायचा. तू तर सगळी न्हाणी त्याच्या बुडात सोडलीस."

बहिणी एकमेकींकडे बघत राहिल्या. तरुण बाबल्या, नवी नवरी आणि बेचव फळांचं झाड. हा बा दोघींनी कधी पाहिलाच नव्हता.

सुषमाने पाणी केळीकडे वळवलं. नवरा रविंद्र म्हणाला, "हे काढू या, मोटारसायकलला शेड होईल." ती म्हणाली, "शेड पुढे घाल." पुढच्या हंगामातही फळं जेमतेमच निघाली, बरी होती ती बुलबुलांनी नेली. तिने कुरकुर केली नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात फळांनी माना टाकल्या. सुषमाने एक उकललं, चाखलं, आणि उरलेली पळसाच्या पानांत बांधून थेट तलासरीची बस धरली.

भारती भांडी घासत होती. हात न धुताच तिने तोंड पुढे केलं. सुषमाने तिला भरवलं. भारतीने सालासकट खाल्लं.

"तसंच नाही गं," ती हळूच म्हणाली.

"नाहीच."

"पण गोड आहे." मग तिने दुसरं मागितलं आणि बाच्या गोष्टी काढल्या. सुषमाची परतीची बस गेली ती दोघींनाही कळली नाही.