बारा किलोचा गोबरा

मकबूल शेख हे काही खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते. नारायण पेठेत त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं आणि "हे आता होणार नाही, नवीन घ्या" हे ते गिऱ्हाइकाला पहिल्या मिनिटात सांगून मोकळे होत. पण एक थाप त्यांनी मारली होती, आणि ती नऊ वर्षं त्यांचा पिच्छा सोडत नव्हती.

त्यांना फ्लाय फिशिंगचा नाद होता. गळावर पिसं, लोकर, दोरा गुंडाळून खोटी मासोळी बनवायची, तिला म्हणायचं फ्लाय. मग लवचिक काठीने दोरी हवेत झुलवून ती हवी तिथे नेऊन टाकायची. फ्लाय बांधायचा शिकंजा त्यांनी मशीनच्या सुट्या भागांतून स्वतः तयार केला होता. दर रविवारी सकाळी ते एका मैदानावर चार-पाच जणांना दोरी फेकायला शिकवत. तिथे गळाऐवजी लोकरीचा गोंडा असे. एका रविवारी कुणीतरी विचारलं, "समुद्रात मारलाय का कधी मासा?" आणि मकबूलचाचांच्या तोंडून निघून गेलं, "हर्णैला. बारा किलोचा गोबरा. थेट तळातून काढला."

सगळे "वा!" म्हणाले. पुढे जुने शिष्य नव्यांना ती गोष्ट सांगू लागले आणि चाचा नुसती मान हलवू लागले.

शर्मिला वाघमारे त्यांची चार वर्षांची शिष्या. बिबवेवाडीला राहायची, हडपसरला एका कंपनीत होती. फेब्रुवारीत ती दुकानात आली ती उभ्या उभ्याच म्हणाली, "चाचा, हर्णैला बोट बुक केलीय. दशरथ म्हणून गाइड आहेत. दिवसभर तळाचे मासे, फक्त फ्लायवर. तुम्ही माझ्याबरोबर येताय."

"अगं, दुकान..."

"रविवारी बंद असतं."

चाचांना हो म्हणावं लागलं. घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं. खरी गोष्ट जगात फक्त हुस्नबानूला ठाऊक होती.

"जा की," ती चपातीवरून नजर न हलवता म्हणाली. "बारा किलोवाला ओळखीचाच आहे. भेटून या."

ते आठ दिवस चाचा नीट झोपले नाहीत. रात्री फ्लाय बांधत बसायचे. मोठ्या, झुबकेदार, कोंबड्याच्या तांबड्या पिसांच्या. फ्लाय बघून तरी कुणी शंका घेऊ नये, एवढाच त्यांचा विचार होता.

शनिवारी रात्रीच शर्मिलाच्या गाडीने दोघं हर्णैला पोचले आणि रविवारी पहाटे बोट सुटली. दशरथ पन्नाशीचा, सडपातळ अंगाचा, मोजकं बोलणारा. किनारा निळसर रेघेएवढा उरला. मग इंजिन बंद करून म्हणाला, "बारा वाव पाणी. सत्तर फूट धरा. खाली खडप आहे, नुसते खडक. मासा खडपातच बसतो, वर येत नाही. तुमची फ्लाय त्याच्या दारात गेली पाहिजे."

इंजिन थांबलं तशी बोट डुलायला लागली. चाचांनी उलटीची गोळी घेतली होती, तरी पाच मिनिटांत ते कठड्यावर वाकले. सकाळचा चहा गेला, मग नुसतंच पाणी.

"पित्त झालं असेल," शर्मिला म्हणाली आणि त्यांच्या पाठीवर हात फिरवून कामाला लागली. तिने चाचांची सगळ्यात मोठी फ्लाय बांधली, झोकात दोरी फेकली आणि खाली जाऊ दिली. दोरी बुडणारी होती, पण प्रवाहात ती धनुष्यासारखी वाकली आणि फ्लाय कुठेतरी अधांतरीच राहिली. तिने पुन्हा फेकली. दशरथने बोट फिरवून दिली, तरी तेच. तासभर गेला. शर्मिलाच्या तळहाताला फोड यायला लागले.

"चाचा," शेवटी ती वळून म्हणाली, "तुम्ही तो गोबरा काढला तेव्हा काय बांधलं होतं? तसंच करू या."

चाचांनी तोंड पुसलं. काहीतरी सांगता आलं असतं. पण ती उत्तर ऐकून लगेच तसं करणार होती, आणि उरलेला दिवस त्यात घालवणार होती.

"गोबरा नव्हताच," ते म्हणाले. "म्हणजे होता, पण मी काढला नव्हता. जावेद नावाच्या दोस्ताबरोबर आलो होतो. पाच तास बोटीत आडवा पडून ओकलो. हातात काठीसुद्धा धरली नाही. येताना बंदरावर मासा विकत घेतला. तोही बारा किलोचा नव्हता."

 दशरथ मुद्दाम दोरखंड आवरत बसला.

"मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय," शर्मिला म्हणाली. "आईबाबांना सांगितलंय. आज सकाळी या दशरथांनाही सांगितलं."

"माहीत आहे."

"नऊ वर्षं, चाचा?"

"नऊ वर्षं."

ती समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. चाचांना वाटलं, आता ही बोट परत फिरवायला सांगेल. लाज वाटत होतीच, पण छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखंही झालं होतं. कुणासमोर तरी आता काहीच सांभाळायचं उरलं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला. "ती फ्लाय दे बघू इकडे."

मशीन बिघडलं की ते आवाज ऐकत. तशाच लक्षाने ती ओली फ्लाय त्यांनी बोटांत फिरवली आणि त्यांना स्वतःचाच राग आला. एवढी पिसं! पाण्यात छत्रीच उघडली होती. ती बुडणार कशी? त्यांनी कात्रीने निम्मी पिसं उडवली. पिशवीत मशीनच्या मोटारीची तांब्याची तार होती, ती गळाच्या दांड्यावर घट्ट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळली. पुढे दशरथकडचा शिशाचा मणी वजनाला बसवला.  पोट आता जरा निवलं होतं.

"प्रवाहाच्या उलट टाक," ते म्हणाले. "हे मला वाटतंय. अनुभव नाही, हे लक्षात ठेवून टाक."

दशरथ पहिल्यांदा हसला. "बरोबर वाटतंय त्यांना."

शर्मिलाने टाकली. दोरी सरळ खाली गेली, जात राहिली आणि थांबली.

"तळ," दशरथ म्हणाला. "आता थोडं उचला. पुन्हा सोडा."

तिसऱ्या उचलीला काठी अशी वाकली की शर्मिला गुडघ्यावरच आली. "खडपात अडकलं!" ती ओरडली.

"खडप ओढत नाही," दशरथ म्हणाला. " वर घ्या, वर, त्याला आत जाऊ देऊ नका!"

दहा मिनिटं ती झगडली. चाचा तिचा पट्टा मागून धरून बसले होते आणि उलटी व्हायचं विसरून गेले होते. शेवटी पाण्यात लाल चमक दिसली आणि दशरथने जाळी घातली. चांगली तीन किलोची तांबोशी. फ्लाय तिच्या जबड्याच्या कोपऱ्यात घट्ट रुतली होती.

शर्मिला बोटीच्या फळीवर बसून हसत सुटली. मग चाचांकडे बघून म्हणाली, "हिचं वजन मी ऑफिसात तीनच सांगणार आहे."

"सांग," चाचा म्हणाले. डोळे पुसायला त्यांनी रुमाल काढला, तो उलटीचा निघाला, मग बाही वापरली.

"आणि तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. पण काठी घ्या. तुमची पाळी."

दुपारपर्यंत चाचांनी एक मासा काढला. वीतभर गोबरा, ठिपक्याठिपक्यांचा, तोंड वासून बघणारा. दशरथने तो ओल्या हाताने सोडवून परत पाण्यात टाकला. चाचा कितीतरी वेळ त्या जागेकडे बघत बसले.

परतताना घाट लागायच्या आधीच ते गाडीत झोपले. शर्मिलाने त्यांना घरापाशी हलवून उठवलं, तेव्हा नऊ वाजून गेले होते. डोक्याकडची अर्धी तांबोशी तिने त्यांच्या हातात दिली.

हुस्नबानूने दार उघडलं. आधी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, मग पिशवीकडे.

"कितीला आणला?"

"शर्मिलाने काढला. आणि मी तिला सगळं सांगून टाकलं."

हुस्नबानूने पिशवी घेतली, कल्ला उचलून बघितला. मासा ताजा होता. "हातपाय धुऊन घ्या," ती म्हणाली. "मी मसाला वाटते. आणि ती पोरगी खालीच उभी आहे का? वर बोलवा तिला. उपाशी काय जाईल बिबवेवाडीला."